बीटा ब्लॉकर सुरू झालीये? मग पहिली गोळी घ्यायच्या आधी हे वाचा

डॉक्टरांनी चिठ्ठीवर मेटोप्रोलॉल, प्रोप्रॅनोलॉल, बिसोप्रोलॉल असलं काहीतरी लिहून दिलंय, घरी येऊन गुगल केलं आणि आता भीती वाटतेय, अशा लोकांसाठी हा लेख आहे. डोस ठरवणं, बदलणं हे डॉक्टरांचं काम, त्यात मी पडणार नाही. पण ही गोळी घेताना रोजच्या जगण्यात काय बघायचं, काय विचारायचं आणि कुठली गोष्ट अजिबात करायची नाही हे दवाखान्यातल्या पाच मिनिटांत कुणी नीट सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

पायरी १: गोळी कशासाठी दिलीये ते विचारा

हे सगळ्यात आधी, कारण पुढचे सगळे नियम यावरच ठरतात. एकच प्रोप्रॅनोलॉल एकाला मायग्रेन वारंवार येऊ नये म्हणून देतात, दुसऱ्याला हात थरथरतात म्हणून, तिसऱ्याला थायरॉइड वाढल्यामुळे धडधड होते म्हणून आणि चौथ्याला लिव्हर खराब झाल्यावर अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांतून रक्तस्राव होऊ नये म्हणून. त्यामुळे "माझ्या मावशीलाही हीच गोळी चालू आहे, तिला तर हार्टचा त्रास आहे, म्हणजे मलाही हार्टचं काहीतरी निघालं वाटतं" असा निष्कर्ष काढू नका.

नाव ओळखायला सोपं आहे, जवळजवळ सगळ्यांच्या शेवटी 'लॉल' येतं: अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, नेबिव्होलॉल, कार्व्हेडिलॉल, लॅबेटालॉल. काचबिंदूसाठी टिमोलॉलचे डोळ्यांत घालायचे थेंब मिळतात, तेही याच कुटुंबातले, आणि लोक त्यांना औषध म्हणून मोजतच नाहीत. त्याबद्दल पुढे बोलू.

हृदयाच्या बाजूला मुख्य उपयोग म्हणजे अंजायना म्हणजे चालताना छातीत दुखणं, हार्ट अटॅक येऊन गेल्यानंतर, हार्ट फेल्युअर म्हणजे हृदयाचं पंपिंग कमी झालेलं असताना, आणि ठोके अनियमित किंवा फार जलद पडत असताना. ब्लड प्रेशरसाठीही देतात, पण नुसतं बीपी असेल आणि दुसरं काही कारण नसेल तर आज बऱ्याच ठिकाणी पहिली पसंती दुसऱ्या गटातल्या गोळ्यांना असते. २००२ मध्ये 'लाइफ' नावाचा मोठा अभ्यास आला, त्यात अटेनोलॉल आणि लोसार्टन समोरासमोर ठेवले होते, बीपी दोन्हींनी जवळपास सारखंच उतरलं पण स्ट्रोक लोसार्टनवाल्यांत कमी झाले. म्हणून फक्त बीपीसाठी ही गोळी दिली असेल तर "हीच का?" असं विचारायला काहीच हरकत नाही, बहुतेक वेळा उत्तर असतं की सोबत धडधड आहे, किंवा मायग्रेन आहे, किंवा प्रेग्नन्सी आहे (तेव्हा लॅबेटालॉल वापरतात, अटेनोलॉल मात्र टाळतात कारण बाळाची वाढ कमी होऊ शकते).

पायरी २: ती शरीरात काय करते ते थोडक्यात

घाबरलो, धावलो, चिडलो की अॅड्रेनालिन हे हॉर्मोन सुटतं आणि हृदयावरच्या बीटा रिसेप्टरवर, म्हणजे जणू त्याच्यासाठी मांडलेल्या खुर्च्यांवर, जाऊन बसतं, मग ठोके वाढतात. ही गोळी त्या खुर्च्या आधीच अडवून बसते, अॅड्रेनालिन येतं पण बसायला जागा नाही. ठोके हळू, जोर कमी, हृदयाला ऑक्सिजन कमी लागतो, म्हणून अंजायना थांबतो. ही कल्पना स्कॉटलंडच्या जेम्स ब्लॅक यांची, १९६० च्या दशकात त्यांनी प्रोप्रॅनोलॉल आणलं आणि १९८८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

गंमत अशी की या खुर्च्या फक्त हृदयात नसतात. बीटा-१ मुख्यतः हृदयात आणि किडनीत, बीटा-२ फुप्फुसाच्या नळ्यांत, रक्तवाहिन्यांत, स्नायूंत. प्रोप्रॅनोलॉल दोन्हीकडे बसतं. मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, अटेनोलॉल, नेबिव्होलॉल हे बीटा-१ वर जास्त बसतात, पण डोस वाढवला की त्यांचाही हा निवडकपणा कमी होत जातो. साइड इफेक्टची जवळजवळ सगळी यादी यातूनच निघते, वेगळी पाठ करायची गरज नाही.

पायरी ३: सुरू करायच्या आधी डॉक्टरांना या गोष्टी सांगा, त्यांनी विचारलं नाही तरी

दमा. लहानपणी होता, आता नाही, तरी सांगा. श्वासनळ्या मोकळ्या ठेवणारे बीटा-२ रिसेप्टर अडवले तर नळ्या आवळतात आणि वर दम्याचा पंप मारला तरी तो नीट लागू पडत नाही कारण त्या पंपातलं सालब्युटेमॉल त्याच रिसेप्टरवर काम करतं. प्रोप्रॅनोलॉल तर दमा असलेल्यांना द्यायचंच नसतं. आणि ते डोळ्यांचे टिमोलॉलचे थेंब, ते नाकात उतरून थेट रक्तात जातात आणि त्या थेंबांनीसुद्धा दम्याचा झटका आलेले आणि नाडी मंद झालेले पेशंट असतात. म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांना दमा सांगा आणि हार्टच्या डॉक्टरांना थेंब सांगा, दोघं एकमेकांशी बोलतील या भरवशावर राहू नका. थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाच्या बाजूचा कोपरा बोटाने एक-दोन मिनिटं दाबून धरला की शरीरात कमी जातं.

डायबिटीस, विशेषतः इन्शुलिन किंवा शुगर लो करू शकणाऱ्या गोळ्या चालू असतील तर. शुगर लो झाली की छाती धडधडते, हात थरथरतात आणि त्यावरून माणसाला कळतं. बीटा ब्लॉकर नेमक्या ह्याच दोन खुणा दाबून टाकते. घाम मात्र येतो. म्हणजे कारण नसताना घाम फुटला, डोकं गरगरलं, सुचेनासं झालं की आधी शुगर मोजा, धडधड होत नाहीये म्हणजे शुगर ठीक आहे असं धरून चालू नका. डायबिटीस आहे म्हणून ही गोळी घ्यायचीच नाही असं अजिबात नाही, हार्ट अटॅक झालेल्या डायबिटीसच्या पेशंटना ती सर्रास देतात, फक्त मोजणं वाढवायचं.

बाकी: नाडी मुळातच मंद असेल, ईसीजीमध्ये ब्लॉक (रक्तवाहिनीतला नाही, हृदयातल्या विजेच्या वाटेतला अडथळा) सांगितला असेल, कधी चक्कर येऊन पडला असाल, पायांच्या रक्तवाहिन्या बंद होण्याचा त्रास असेल, थंडीत बोटं पांढरी पडत असतील, सोरायसिस असेल. आणि एखाद्या गोष्टीची इतकी मोठी अॅलर्जी असेल की अॅड्रेनालिनचं इंजेक्शन जवळ ठेवावं लागतं तर ते आवर्जून सांगा, कारण बीटा ब्लॉकर चालू असताना ते इंजेक्शन कमी चालू शकतं.

चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांचा फोटो काढून दाखवा. व्हेरापामिल आणि डिल्टियाझेम ही दोन नावं लक्षात ठेवा, बीटा ब्लॉकरसोबत ती घेतली तर नाडी धोकादायक खाली जाऊ शकते. फ्लुऑक्सेटिन, पॅरॉक्सेटिन या डिप्रेशनच्या गोळ्या मेटोप्रोलॉलची रक्तातली पातळी वाढवतात. क्लोनिडिन ही बीपीची गोळी सोबत असेल तर कुठली आधी बंद करायची याचा क्रम असतो, तो डॉक्टरांनाच विचारायचा. आणि दुकानातून सहज घेतो त्या गोळ्या: आयबुप्रोफेनसारख्या पेनकिलर रोज घेतल्या तर बीपीवरचा परिणाम कमी होतो, सर्दीच्या काही गोळ्यांत नाक मोकळं करणारं औषध असतं ते बीपी वाढवतं.

पायरी ४: गोळी घ्यायच्या आधीचे आकडे लिहून ठेवा

हे फार कमी लोक करतात आणि मग दोन आठवड्यांनी "नाडी ५६ आहे, ठीक आहे का?" असं विचारतात. आधी किती होती ते माहीत असेल तर उत्तर देता येईल ना! दोन-तीन दिवस सकाळी, पाच मिनिटं शांत बसून, बीपी आणि नाडी दोन्ही लिहा. मनगटावर अंगठ्याखाली दोन बोटं ठेवून ३० सेकंद मोजा आणि दुप्पट करा, ठोके अनियमित असतील तर पूर्ण मिनिट मोजा. घड्याळावर फार विसंबू नका, अनियमित ठोक्यांत ते चुकू शकतं.

डॉक्टरांना सरळ विचारा, "नाडी किती खाली गेली तर फोन करू?" आकडा माणसागणिक बदलतो. साधारणपणे ५० च्या खाली गेली तर कळवा म्हणतात, पण रोज पळणाऱ्या माणसाची मुळात ५२ असू शकते. नुसता आकडा नाही, आकडा आणि त्रास दोन्ही मिळून बघायचं: ४८ आहे आणि तुम्ही मजेत जिने चढताय हे वेगळं, ४८ आहे आणि उठलं की डोळ्यांसमोर अंधारी येतेय हे वेगळं.

पायरी ५: घ्यायची कशी

पाकिटावर मेटोप्रोलॉलच्या पुढे टार्ट्रेट आहे की सक्सिनेट ते वाचा. टार्ट्रेट लवकर उतरतं, दिवसातून सहसा दोनदा. सक्सिनेट हळूहळू सुटणारं, दिवसातून एकदा. दोन्ही एकमेकांच्या बदल्यात आपल्या मनाने घ्यायच्या नाहीत. हळू सुटणारी गोळी चावायची नाही, कुटायची नाही, मधे रेघ असेल आणि डॉक्टरांनी सांगितलं असेल तर रेघेवर अर्धी करता येते. कार्व्हेडिलॉल जेवणाबरोबर घ्या, रिकाम्या पोटी घेतलं तर एकदम उभं राहताना चक्कर येण्याची शक्यता जास्त.

एखादा डोस विसरला तर आठवल्यावर घ्या, पण पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्या. दोन एकदम घ्यायच्या नाहीत.

पायरी ६: पहिले काही आठवडे

थकवा येतो. हे खरंय आणि ते "मनाचे खेळ" नाहीत. जिना चढताना पाय जड वाटतात, कारण हृदय आधीसारखं पटकन धावत नाही. बऱ्याच जणांचा हा त्रास काही आठवड्यांत कमी होतो. हातपाय गार पडतात. प्रोप्रॅनोलॉल आणि मेटोप्रोलॉल मेंदूत सहज जातात म्हणून विचित्र, अगदी ठसठशीत स्वप्नं पडू शकतात, झोप मोडू शकते, फार झालं तर अटेनोलॉलसारखी मेंदूत कमी जाणारी गोळी बदलून मिळू शकते. पुरुषांना लैंगिक तक्रार येऊ शकते आणि लाजेने कुणी बोलत नाही, गुपचूप गोळी बंद करतात, जे सगळ्यात वाईट. बोला, पर्याय असतात. त्यासाठी व्हायाग्रासारखं काही स्वतःहून घेऊ नका, अंजायनासाठी नायट्रेट चालू असेल तर तो जीवघेणा मेळ आहे.

व्यायाम करणाऱ्यांनी एक लक्षात घ्या, नाडी जास्तीत जास्त किती जावी हे काढायचं '२२० वजा वय' हे गणित आता तुमच्यासाठी नाही. ट्रेडमिलवरचा टार्गेट आकडा गाठायच्या नादात जीव काढू नका, चालताना दोन वाक्यं बोलता येतायत पण गाणं म्हणता येत नाही एवढा वेग पुरे.

हार्ट फेल्युअरसाठी दिली असेल तर गोष्ट थोडी उलटी आहे. एकेकाळी कमजोर हृदयाला ही गोळी देणं म्हणजे चूक मानायचे, कारण आधीच दमलेलं हृदय अजून हळू कशाला करायचं. १९७५ मध्ये स्वीडनमध्ये फिन वागस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा काही पेशंटना देऊन सुधारणा दाखवली, लोकांचा विश्वास बसायला बरीच वर्षं गेली, आणि १९९९ मध्ये बिसोप्रोलॉल आणि मेटोप्रोलॉल सक्सिनेटच्या दोन मोठ्या अभ्यासांत मृत्यू सुमारे ३४ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. पण तिथे सुरुवात अगदी थेंबभर डोसने करतात, बिसोप्रोलॉल १.२५ एमजी, कार्व्हेडिलॉल ३.१२५ एमजी दोनदा, आणि साधारण दर दोन आठवड्यांनी झेपेल तसं वाढवतात. डोस वाढवला की थोडे दिवस उलट जास्त दमल्यासारखं वाटू शकतं, फायदा दिसायला काही महिने लागतात. या काळात रोज सकाळी वजन करा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं, पाय सुजले, रात्री आडवं झाल्यावर धाप लागली तर लगेच फोन, पुढच्या अपॉइंटमेंटची वाट नाही बघायची.

पायरी ७: एकदम बंद करू नका

बाकी सगळं विसरलात तरी हे विसरू नका. गोळीने खुर्च्या अडवल्या की शरीर काही दिवसांत नवीन खुर्च्या मांडायला लागतं. आता गोळी अचानक थांबवली तर काय होईल? रिकाम्या खुर्च्या आधीपेक्षा जास्त, अॅड्रेनालिन तेवढंच, सगळं एकदम येऊन बसतं. नाडी उसळते, बीपी चढतं, आणि ज्याच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद आहेत त्याला अंजायना वाढणं, हार्ट अटॅक, इथपर्यंत जाऊ शकतं. अमेरिकेत तर यातल्या काही गोळ्यांच्या माहितीपत्रकावर याबद्दल चौकटीतली इशारावजा सूचना छापतात.

आणि लोक एकदम बंद करतात ते मुद्दाम नाही. गोळ्या संपल्या आणि सुट्टी आली. प्रवासात बॅग चुकली. बीपी "नॉर्मल आलं" म्हणून आता कशाला (अहो, गोळीमुळेच नॉर्मल आलं). उपास होता. उलट्या होत होत्या म्हणून दोन दिवस पोटात काही ठरलंच नाही, यातल्या शेवटच्या कारणात तर डॉक्टरांना फोन करणं हाच उपाय. म्हणून घरात नेहमी आठवडाभराच्या गोळ्या जास्तीच्या ठेवा आणि प्रवासात हातातल्या बॅगेत ठेवा. बंद करायचीच असेल तर डॉक्टर एक-दोन आठवड्यांत किंवा अजून सावकाश टप्प्याटप्प्याने उतरवतात, आणि त्या दिवसांत जड कामं, धावपळ जरा कमी ठेवायची.

ऑपरेशन ठरलं असेल तरी हेच. भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगा, आधीपासून चालू असलेली बीटा ब्लॉकर सहसा ऑपरेशनच्या दिवशीही चालू ठेवतात. उलट ऑपरेशनच्या तोंडावर नव्याने मोठा डोस सुरू करणं हे वेगळं प्रकरण, २००८ च्या 'पॉइज' अभ्यासात तसं केल्यावर हार्ट अटॅक कमी झाले पण स्ट्रोक आणि मृत्यू वाढले.

स्टेजवर जायच्या आधी घेतात ती

हा भाग वेगळा ठेवला कारण हल्ली याबद्दल फार विचारणा होते. भाषण, इंटरव्ह्यू, परीक्षा, गाण्याचा कार्यक्रम, त्याआधी प्रोप्रॅनोलॉलचा छोटा डोस घेतला की हात थरथरत नाहीत, आवाज कापत नाही. काम करते, हे खरं. पण ती भीतीची शारीरिक बाजू दाबते, डोक्यातले विचार नाही, त्यामुळे दिवसभर कसली ना कसली काळजी लागून राहणाऱ्यांना किंवा पॅनिक अटॅकवाल्यांना तिचा फायदा होतो याचा पुरावा कमजोर आहे. खेळाडूंनी तर लांबच राहा, नेमबाजी आणि तिरंदाजीत ही बंदी असलेली औषधं आहेत, २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग-सू या नेमबाजाची दोन पदकं प्रोप्रॅनोलॉल सापडलं म्हणून काढून घेतली होती.

डॉक्टरांनी दिली असेल तर पहिल्यांदा एखाद्या रिकाम्या दिवशी घेऊन बघा, थेट इंटरव्ह्यूच्या सकाळी नको, बीपी कमी असणाऱ्याला तिथेच गरगरायला लागेल. मित्राच्या पाकिटातली घेऊ नका, त्याला दमा नाही, तुम्हाला आहे की नाही हे त्याला काय माहीत. आणि एक गंभीर गोष्ट, प्रोप्रॅनोलॉल जास्त प्रमाणात घेतलं गेलं तर फार विषारी आहे, फिट येतात, हृदय थांबू शकतं. मनात जीव द्यायचे विचार येत असतील तर गोळी मागताना डॉक्टरांना हे सांगा, ते कमी गोळ्या देतील किंवा दुसरं काही निवडतील. घरात लहान मूल असेल तर पाकीट उंचावर, कुलपात.

थेट इमर्जन्सीला कधी

शुद्ध हरपली, छातीत दाब किंवा दुखणं, श्वासात शिट्टीसारखा आवाज येऊन दम लागतोय, ओठ-चेहरा सुजतोय, नाडी मंद आणि सोबत गोंधळल्यासारखं बोलणं, किंवा चुकून जास्त गोळ्या घेतल्या गेल्या (त्रास सुरू व्हायची वाट न बघता). जाताना पाकीट सोबत न्या. तिथे पोचल्यावर पहिलं वाक्य "यांना बीटा ब्लॉकर चालू आहे" हे असू द्या, कारण मोठ्या अॅलर्जीत किंवा ओव्हरडोसमध्ये त्यांना नेहमीच्या औषधांच्या जोडीला ग्लुकागॉनसारखं वेगळं इंजेक्शन लागू शकतं.

वर्षातून एकदा: अजून लागते का?

हार्ट अटॅकनंतर ही गोळी आयुष्यभर, असा बरीच वर्षं प्रघात होता. पण त्यामागचे मुख्य अभ्यास अँजिओप्लास्टी आणि आजची औषधं सर्रास व्हायच्या आधीचे. २०२४ मध्ये स्वीडन, एस्टोनिया आणि न्यूझीलंडमधल्या सुमारे ५,००० पेशंटचा 'रिड्यूस-एएमआय' अभ्यास आला, त्यात अटॅकनंतरही ज्यांचं पंपिंग (इको रिपोर्टमधला ईएफ, म्हणजे दर ठोक्याला हृदय आतलं किती टक्के रक्त बाहेर टाकतं तो आकडा) चांगलं होतं, ५० टक्के किंवा वर, त्यांना या गोळीने मृत्यू किंवा दुसरा अटॅक कमी झाला नाही. त्याच वर्षी फ्रान्सच्या 'अॅबिस' अभ्यासात मात्र चालू असलेली गोळी थांबवणं हे चालू ठेवण्याइतकंच सुरक्षित आहे असं सिद्ध करता आलं नाही. म्हणजे वाद चालू आहे, आणि ज्यांचं पंपिंग कमी आहे त्यांना हे काहीच लागू नाही, त्यांनी ही बातमी वाचून गोळी फेकू नये. तपासणीला जाताना शेवटचा इको रिपोर्ट, नाडी-बीपीची वही आणि सगळ्या गोळ्या घेऊन जा आणि विचारा, "माझं पंपिंग किती आहे, आणि त्या हिशोबाने ही गोळी, याच डोसमध्ये, अजून हवी का?"